ट्रान्सपोर्ट पायलटवर कोणी बोलत कसं नाही?

घाटमाथा (धागाकर्ता)

मंडळी, हवाई दलावरचे धागे इथे पोत्याने पडलेत, पण सगळे मेले लढाऊ विमानांचे. सुखोई भारी का राफेल भारी, मिगला काय म्हणावं, दोनअडीचशे प्रतिसाद आणि शेवटी ठरलेलं भांडण. जे लोक माणसं, तांदूळ, रॉकेल, तोफा, जखमी आणि वेळ पडली तर रणगाडेसुद्धा वाहून नेतात त्या ट्रान्सपोर्ट पायलट लोकांवर शोधूनही एक धागा सापडला नाही, म्हणून म्हटलं आपणच काढू.

सुरुवात एअर कमोडोर मेहर सिंग यांच्यापासून करतो. 'बाबा' मेहर सिंग म्हणून हवाई दलात ओळखले जायचे. जन्म १९१५ चा, लायलपूरचा, शिक्षण इंग्लंडात क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात आणि १९३६ मध्ये कमिशन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ६ नंबर स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं आणि त्याबद्दल डीएसओ हे ब्रिटिश पदक मिळालं, त्या युद्धात भारतीय हवाई दलातल्या दुसऱ्या कोणाला हे पदक मिळालेलं नाही. पण मला सांगायचंय ते १९४७-४८ चं.

२७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीहून डकोटा विमानांतून १ शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरले हे सगळ्यांना माहीत असतं. पूँछचं कमी लोकांना माहीत आहे. पूँछ शहराला वेढा पडलेला, आत सैन्य आणि हजारो निर्वासित, बाहेरून येणारा रस्ता बंद. लेफ्टनंट कर्नल प्रीतम सिंग यांनी आतल्या जवानांना आणि निर्वासितांना हाताशी धरून धावपट्टी तयार करून घेतली. तीन बाजूंना ओढे, आजूबाजूच्या टेकड्यांवर शत्रू. डिसेंबर ४७ मध्ये त्या पट्टीवर पहिलं डकोटा मेहर सिंगांनी स्वतः उतरवलं आणि शेजारी प्रवासी म्हणून एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी. नंतर डोंगरी तोफा न्यायची वेळ आली तेव्हा डकोटा रात्री उतरवली, धावपट्टीच्या कडेला नुसते तेलाचे दिवे. वर्षभर, म्हणजे नोव्हेंबर ४८ मध्ये रस्ता मोकळा होईपर्यंत, पूँछ या हवाई शिध्यावर टिकलं.

आणि मग लेह. लडाखचा रस्ता तुटत चाललेला, लेहमध्ये मूठभर सैनिक. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनियरने गावकऱ्यांना घेऊन सिंधूकाठच्या वाळूत धावपट्टी काढली, यंत्रं वगैरे काही नाही, सगळं हाताने. २४ मे १९४८ ला मेहर सिंगांनी तिथे डकोटा उतरवलं, सोबत जनरल थिमय्या. त्या वाटेने आधी कोणी विमान नेलेलं नव्हतं, विमानात केबिन प्रेशर नाही, पंखांवरचं बर्फ काढायची सोय नाही. लगेच जूनमध्ये गुरखा सैनिक त्याच पट्टीवर उतरले आणि लेह वाचलं.

१९५० ला महावीर चक्र मिळालं. तोपर्यंत त्यांनी हवाई दल सोडलेलं होतं, आणि १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात विमान पडून गेले, वय अवघं ३६.

जाणकारांनी भर घालावी. कोणी स्वतः या ब्रँचमधलं असेल तर फारच उत्तम.

---

निवांत_मी

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. पूँछची धावपट्टी निर्वासितांनी बांधली हे खरंच माहीत नव्हतं.

---

मुक्काम_पोस्ट

लेख छान, पण एक तांत्रिक मुद्दा. मेहर सिंग मूळचे ट्रान्सपोर्ट पायलट नव्हेतच. ब्रह्मदेशात ते हरिकेन उडवत होते, म्हणजे फायटर आणि टेहळणी. मग त्यांना या धाग्याचं तोंड का करायचं? त्यांच्या मागोमाग रोज तीच वाट उडवणारे १२ नंबर स्क्वाड्रनचे पोरगेलेसे फ्लाइंग ऑफिसर, त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, खरे ट्रान्सपोर्ट पायलट ते.

---

घाटमाथा

@मुक्काम_पोस्ट, रास्त आहे, पण मी त्यांना मुद्दाम घेतलं. ते तेव्हा ग्रुपचे प्रमुख होते, टेबलामागे बसून हुकूम सोडता आला असता. तसं न करता धोक्याच्या जागी पहिलं विमान स्वतः नेलं आणि मग बाकीच्यांना पाठवलं. रोजच्या वैमानिकांबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र शंभर टक्के मान्य, त्यांच्यासाठीच तर धागा काढलाय.

---

प्रश्नचिन्ह

मला एक बाळबोध शंका. डकोटा चोवीस हजार फुटांपर्यंत चढू शकतं असं वाचलंय. लेह अकरा हजाराच्या आतबाहेर. मग यात एवढं धाडस कसलं? विमान वर जाऊ शकतं तर खाली उतरूही शकणार ना? (भांडायला नाही, खरंच विचारतोय.)

---

टेलविंड

बरेच दिवस नुसता वाचक होतो, या धाग्याने लिहायला लावलं. मी ट्रान्सपोर्टवालाच. आयुष्य आधी अ‍ॅव्ह्रो आणि मग एएन-३२ या मालवाहू विमानांवर गेलं, आता निवृत्त.

@प्रश्नचिन्ह, शंका अजिबात बाळबोध नाही, आमच्याकडे येणारी नवीन पोरंही हेच विचारतात. बघा, चोवीस हजार ही विमान कसंबसं जिथपर्यंत चढतं ती हद्द झाली, तिथे पोचल्यावर हातात ताकद काही उरत नाही. डकोटाची दोन पिस्टन इंजिनं, प्रत्येकी बाराशे हॉर्सपॉवरची, त्यातलं एक जरी रुसलं तर विमान हळूहळू खाली यायला लागतं आणि खाली काय तर झोजी ला, फोटू ला या खिंडी आणि त्यांच्या आजूबाजूचे सुळके. खाली यायला जागाच नाही. शिवाय प्रेशर नसलेल्या विमानात त्या उंचीला माणसाचं डोकंच धड चालत नाही, आणि निर्णय तर नेमके तिथेच घ्यायचे असतात.

दुसरं, हवा विरळ असते म्हणजे काय होतं. लेहच्या पट्टीची उंची साधारण ३२५० मीटर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ७२ टक्केच दाट. पंखाखालून तेवढीच हवा जायला हवी तर विमान जास्त वेगात पळायला हवं. कॉकपिटमधला वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरचा खरा वेग सतरा-अठरा टक्क्यांनी जास्त असतो. म्हणजे उतरताना जास्त वेगाने टेकणार, थांबायला जास्त पट्टी लागणार, ब्रेक जास्त तापणार. उडताना उलटं संकट, जास्त वेग गाठायचाय आणि इंजिनाची ताकद मात्र त्याच विरळ हवेने खाल्लेली. त्यात दुपारी ऊन तापलं की हवा आणखी पातळ होते आणि दरीतून वारा सुटतो. म्हणून लेहचं सगळं काम सकाळचं. आजही बहुतेक प्रवासी विमानं सकाळी जातात ती याच कारणाने, कंपन्यांना पहाटेची हौस नाहीये.

तिसरी गोष्ट दरीची. लेहला एका दिशेने उतरायचं आणि उलट्या दिशेने उडायचं, कारण पुढे डोंगर आहे. एका टप्प्यानंतर "नाही जमलं, वर घेऊन दुसरा फेरा मारू" हा पर्याय जवळपास संपतो. त्यामुळे जायचं का परत फिरायचं ते आधीच, दरीत शिरण्याआधी ठरलेलं हवं. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जायचं की अरुंद दरीत मधोमध उडायचं नाही, एका बाजूला चिकटून जायचं, म्हणजे वळायची वेळ आली तर दरीची अख्खी रुंदी वळायला मिळते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात उजव्या खिडकीत दगड दिसत असतो, अगदी त्याच्या भेगा दिसतात, आणि मन म्हणतं जरा मध्ये सरक. सरकायचं नाही.

मला विचाराल तर आमच्या कामातलं अर्ध कौशल्य माघारी फिरण्यात आहे. फायटरवाला टार्गेट चुकवून आला तर त्याची चर्चा होते. आमच्यात वैमानिक सगळा माल तसाच परत घेऊन आला तर त्याला कोणी हुशार म्हणत नाही, उलट पलीकडे वाट बघणारे शिव्या घालतात. तरीही ज्याला परत फिरता येत नाही त्याला आमच्यात कॅप्टन करत नाहीत.

---

फौजी_नाना

@टेलविंड साहेब, ते शिव्या घालणारे आम्हीच हो :)

मी पायदळातला. सुट्टी संपवून वर जायचं म्हणजे चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पात नंबर लावून बसायचं. पहाटे अंधारात उठून बॅगा घेऊन विमानतळावर जायचं, थंडीत कुडकुडत बसायचं, आणि आठ-नऊ वाजता कोणीतरी येऊन सांगणार की वेदर खराब, पॅकअप. परत कॅम्पात. दुसऱ्या दिवशी परत तेच. हिवाळ्यात रस्ता बंद म्हणजे विमानाशिवाय गत्यंतर नाही. खाली येणाऱ्यांचे तर हाल बघवायचे नाहीत, कोणाची बायको बाळंतपणाला, कोणाच्या बहिणीचं लग्न, आणि हा लेहला आकाशाकडे बघत बसलेला. पायलटवर जाम राग यायचा, चंदीगडला तर लख्ख ऊन पडलंय आणि हे म्हणतात वेदर खराब.

आणि एएन-३२ मध्ये बसलाय का कोणी? सीट म्हणजे भिंतीला लावलेल्या पट्ट्यांच्या बाकड्या, मध्ये सामानाचा ढीग, त्यावर जाळी, आणि आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. थंडी अशी की बुटातली बोटं आहेत का नाहीत कळायचं नाही. एकदा आमच्याबरोबर जिवंत शेळ्या होत्या, पलटणीच्या मटणासाठी. कागदोपत्री त्याला 'मीट ऑन हूफ' म्हणतात. विमान हवेच्या खड्ड्यात पडलं की आम्ही आणि शेळ्या एकदमच ओरडायचो. वास दोन दिवस कपड्यातून गेला नाही.

---

सुपर्णा_के

नाना, तुमच्या कपड्यातून दोन दिवस, आमच्या घरातून कधीच नाही. नवरा एएन-३२ वर होता, ओव्हरऑलला रॉकेलसारखा इंधनाचा वास आणि त्यावर शेळीचा, वॉशिंग मशीनला मी ते कधी लावलेच नाहीत, बादलीत वेगळे भिजायचे.

धागा छान आहे पण थोडं घरातलंही लिहिते. या लोकांचं "टीडी" नावाचं एक प्रकरण असतं, टेम्पररी ड्युटी. सकाळी निघताना संध्याकाळी येतो म्हणून जाणार आणि वाटेत कुठेतरी हवामान बिघडलं किंवा विमान नादुरुस्त झालं की तिथेच मुक्काम. पूर आला, भूकंप झाला की घरात टीव्ही लागायच्या आधी फोन येतो आणि हा बॅग उचलून चालता होतो. बॅग कायम भरलेली, दाराच्या मागे. पूर्वी मोबाइल नव्हते, मग स्क्वाड्रनमधून कोणाचा तरी निरोप यायचा की साहेब आज जोरहाटला थांबलेत. निरोप यायला उशीर झाला की कॉलनीतल्या बायका एकमेकींकडे उगाच साखर मागायला जायच्या. कोणी काही बोलायचं नाही, सगळ्यांनाच कळायचं साखर कशाला हवीय ते.

मुलांच्या शाळा तर विचारूच नका. दर दोन-तीन वर्षांनी बदली, काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगात नाव, जुनं गाव पुसून नवीन गाव लिहायचं. मुलीला चौथीपर्यंत वाटत होतं की सगळ्यांच्याच घरी सोफ्याच्या जागी ट्रंका आणि वर चादर असते.

---

टेलविंड

सुपर्णाताई, साखरेचं अगदी खरं. आमच्या कॉलनीत इस्त्री मागायची पद्धत होती.

---

कडेपठार

लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीबद्दल (डीबीओ) कोणी लिहिलं नाही अजून? २०१३ मध्ये सुपर हर्क्युलस उतरवलं तेव्हा पेपरात मोठी बातमी होती, जगातली सगळ्यात उंच धावपट्टी म्हणून. पहिल्यांदाच झालं ना ते?

---

मुक्काम_पोस्ट

@कडेपठार, नाही. सी-१३० जे, म्हणजे तेच सुपर हर्क्युलस, उतरलं २० ऑगस्ट २०१३ ला. त्याआधी ३१ मे २००८ ला एएन-३२ उतरलं होतं. आणि त्याच्याही खूप आधी, १९६२ च्या जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथे पॅकेट विमान उतरवलं होतं. चीन युद्धाच्या जेमतेम तीन महिने आधी! नंतर साठच्या दशकाच्या मध्यात ती पट्टी वापरातून गेली आणि चाळीसेक वर्षं तिथे विमान टेकलं नाही.

उंची सुमारे ५०६५ मीटर. म्हणजे १६,६०० फुटांच्या वर.

---

टेलविंड

@मुक्काम_पोस्ट, राजे साहेबांचं नाव काढलंत, बरं वाटलं. आमच्या लोकांमध्ये हे नाव आजही आदराने घेतात.

पॅकेट म्हणजे सी-११९, दोन शेपट्यांचं अमेरिकन विमान. मुळात ते असल्या उंचीसाठी केलेलंच नव्हतं, म्हणून आपल्याकडे त्याच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलं, जास्तीची ढकल मिळावी म्हणून. दिसायला विचित्र दिसायचं, पण त्या जेटनेच लडाख सांभाळलं. डीबीओला हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्के. मघाचा हिशोब तिथे लावा, खरा वेग जवळपास तीस टक्क्यांनी जास्त. आणि पट्टी म्हणजे डांबर-बिंबर काही नाही, दाबलेली माती आणि खडी. २००८ ला एएन-३२ गेलं तेव्हाही तशीच.

अशा ठिकाणी इंजिनं बहुतेक वेळा बंद करतच नाहीत. प्रॉपेलर फिरत असतानाच मागचा रॅम्प उघडतात, माल खाली, माणसं आत, चला. कारण एवढ्या विरळ हवेत आणि थंडीत बंद केलेलं इंजिन परत सुरू झालं नाही तर विमान तिथेच अडकलं, मग ते दुरुस्त करायला दुसरं विमान, त्याचाही तोच धोका.

एएन-३२ बद्दल एक सांगतो. हे विमान १९८४ पासून आपल्याकडे आहे आणि उष्ण हवा, उंच जागा हीच आपली गरज धरून ते घडवलं गेलं. एएन-२६ चाच सांगाडा, पण इंजिनं बरीच मोठी आणि पंखांच्या वर चढवलेली, कारण एवढा मोठा प्रॉपेलर पंखाखाली बसतच नव्हता आणि वरती असला की खडीपासूनही वाचतो. लोक त्याला जुनाट म्हणतात, म्हणू देत. मला त्याच्याइतकं इमानी यंत्र दुसरं भेटलं नाही.

---

प्रश्नचिन्ह

रणगाडे विमानातून नेले हे कधीचं? मूळ लेखात उल्लेख आहे पण पुढे काही नाही.

---

घाटमाथा

१९६२, ऑक्टोबर अखेर. लडाखमधल्या चुशूलला. ४४ नंबर स्क्वाड्रनची एएन-१२ विमानं तेव्हा नुकतीच आलेली होती, त्यातून २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ हलके रणगाडे चंदीगडहून नेले. रणगाडा सुमारे १५ टनी, विमान सपाटीवर २० टन उचलणारं, पण उतरायचंय चौदा हजार फुटांवर. म्हणून इंधन मोजूनमापून. रणगाड्याच्या पट्ट्यांनी विमानाची जमीन फाटू नये म्हणून लाकडी फळ्या टाकल्या होत्या. एका विमानात एक रणगाडा.

गंमत म्हणजे हीच एएन-१२ विमानं १९७१ ला बॉम्बर म्हणून वापरली. मागच्या रॅम्पमधून बॉम्ब ढकलायचे. विंग कमांडर वशिष्ठ यांना त्याबद्दल महावीर चक्र मिळालं. आणि त्याच युद्धात ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला २ पॅरा ही छत्रीधारी बटालियन उतरवली ती एएन-१२, पॅकेट, डकोटा आणि कॅरिबू अशा मिळेल त्या विमानांतून.

---

निवांत_मी

मालदीव विसरू नका. ३ नोव्हेंबर १९८८, आग्र्याहून आयएल-७६ मधून पॅराट्रूपर्स भरून थेट हुलहुले बेटावर, दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर, रात्रीची वेळ, आणि धावपट्टी कोणाच्या ताब्यात आहे याची खात्री नाही. उतरणाऱ्या आयएल-७६ वर आपले अनंत बेवूर होते! यावर एक स्वतंत्र धागा होईल.

---

कडेपठार

+१. आणि अलीकडचं सुदान. एप्रिल २०२३, खार्टूमच्या उत्तरेला चाळीस किलोमीटरवर वादी सैयदना नावाची पट्टी. दिवे नाहीत, मार्गदर्शनाची यंत्रणा नाही, इंधन नाही, पट्टीची अवस्था वाईट. सी-१३० जे रात्री नाइट व्हिजन गॉगल लावून उतरवलं, इंजिनं चालू ठेवून तिथे अडकलेली १२१ माणसं भरली आणि परत. त्यात एक गरोदर बाईही होती.

---

टेलविंड

वादी सैयदनाबद्दल एक बारकावा, बातम्यांत तो नीट आला नव्हता. उतरायच्या आधी त्यांनी विमानाच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पट्टी तपासली, वर काही अडथळा आहे का, कोणी गाडी आडवी लावलीय का. आमच्या काळी हे करायचं म्हणजे एकदा कमी उंचीवरून पट्टीवरनं विमान न्यायचं आणि चौघांनी चार खिडक्यांतून डोळे फाडून बघायचं, त्यात शत्रू असला तर त्याला आयतं निशाण. गॉगलमधून जग हिरवट दिसतं आणि खोलीचा अंदाज फसतो, जमीन अजून लांब वाटते तोवर ती आलेली असते. त्याची वेगळी तालीम घ्यावी लागते, नुसता गॉगल चढवून होत नाही.

---

चिमणपाखरू

सगळं भारी आहे पण अपघातांबद्दल कोणीच बोलत नाहीये. २०१६ चं तांबरम-पोर्ट ब्लेअर एएन-३२, २९ माणसं. २०१९ चं जोरहाट-मेचुका, १३ माणसं. 'इमानी यंत्र' म्हणणं सोपं आहे, ज्यांच्या घरचं गेलं त्यांना विचारा.

---

टेलविंड

चिमणपाखरू, बरोबर बोललात. टाळत होतो असं नाही, पण त्यावर लिहिताना हात थांबतो.

२०१६ चं विमान बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. शोध केवढा घेतला तुम्हाला माहीत असेल. शेवटी २०२४ च्या जानेवारीत राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखालच्या यंत्राने सुमारे ३४०० मीटर खोलीवर अवशेषांचे फोटो काढले, चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर. साडेसात वर्षं घरच्यांनी काय काढली असतील. मेचुकाचं आठ दिवसांनी सापडलं, बारा हजार फुटांवरच्या जंगलात. अरुणाचलच्या दऱ्यांत ढग खालून वर भरत येतात, येताना मोकळी दिसलेली दरी जाताना बंद झालेली असते. आणि तिथली एएलजी (सीमेजवळच्या लहान धावपट्ट्या), म्हणजे मेचुका, तुतिंग, वालोंग, विजयनगर, ही सगळी दरीच्या पोटात. विजयनगरच्या लोकांना तर वर्षानुवर्षं धड रस्ताच नव्हता, मीठ आणि औषधंसुद्धा विमानानेच. न जाऊन चालत नाही हीच तिथली अडचण.

आणि मघाशी मी माघारी फिरण्याबद्दल मोठ्या तोऱ्यात लिहिलं, तर हेही लिहायला हवं. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२, १०२ माणसं. लेहजवळ हवामान खराब होतं, कॅप्टनने माघारी फिरायचा निर्णय घेतला. पुस्तकात लिहिलेला योग्य निर्णय. परतीच्या वाटेवर रोहतांगच्या परिसरात विमान गेलं. पस्तीस वर्षं काही पत्ता नाही, २००३ मध्ये गिर्यारोहकांना एक देह सापडला, मग अधूनमधून हिमनदी एकेक करून देत गेली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी चार. छप्पन वर्षांनी अंत्यसंस्कार.

---

फौजी_नाना

ते चार देह परत आले तेव्हाची बातमी घरात मोठ्याने वाचली होती. बायको म्हणाली, पुरे. मग पुढचं मनात वाचलं.

चंदीगडच्या लख्ख उन्हात पायलटला घातलेल्या शिव्या परत घेतो.

---

मुक्काम_पोस्ट

थोडं पुढचं. अ‍ॅव्ह्रोच्या जागी सी-२९५ आली आहेत. २०२१ चा करार, एकूण ५६ विमानं, १६ स्पेनहून तयार आणि ४० बडोद्याला टाटा-एअरबसच्या कारखान्यात. पण एएन-३२ च्या जागी काय हा प्रश्न लोंबकळतोय. सी-१७ सत्तर टनांच्या वर उचलतं, लेहलाही उतरतं, २०२० नंतर लडाखमध्ये ६८ हजारांवर सैनिक हवाई मार्गाने नेल्याचं बातम्यांत आलं होतं त्यात त्याचा वाटा मोठा. पण मेचुकाच्या दरीत सी-१७ नेऊन चालत नाही. तिथे लहान, दणकट, आखूड पट्टीवरचं विमानच लागणार. लढाऊ विमानांच्या खरेदीवर जेवढी शाई सांडते त्याच्या दहावा हिस्सा तरी यावर सांडावी.

---

रानभैरी

टेलविंड काका, मी बारावीत आहे. पायलट व्हायचंय. यात जायचं कसं आणि ट्रान्सपोर्टच मागून घेता येतं का? मित्र म्हणतात फायटर नाही मिळालं की ट्रान्सपोर्ट देतात.

---

टेलविंड

मित्रांना म्हणावं, येऊन एकदा तुतिंगला उतरवून दाखवा :)

आता बारावीत आहेस म्हणजे एनडीए, नंतर पदवी झाल्यावर सीडीएस किंवा एएफकॅट या परीक्षा. (मुलगी असलीस तरी एनडीए खुलं आहे आता, आणि आमच्या ब्रँचमध्ये मुली १९९४ पासून आहेत.) उडायचं शिक्षण हैदराबादजवळ दुंदिगलला सुरू होतं, पिलाटस या शिकाऊ विमानावर. तिथे पुढची वाट ठरते, फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर. पसंती विचारतात पण तुझी उडायची पद्धत आणि दलाची गरज बघून देतात. ट्रान्सपोर्ट मिळालं की पुढचं शिक्षण डॉर्नियर या छोट्या विमानावर. मग स्क्वाड्रन, आणि तिथे पहिली काही वर्षं को-पायलट म्हणून उजव्या सीटवर. ही वर्षं लोकांना कंटाळवाणी वाटतात, खरं शिक्षण तीच असतात. शेजारी बसलेला जुना कॅप्टन कुठे गप्प बसतो, कुठे खिडकीतून बाहेर बघतो, नॅव्हिगेटरला तोच प्रश्न दोनदा का विचारतो, हे बघत राहायचं. हवामान खराब असताना फक्त काट्यांवर उडायची परीक्षा असते, व्हाइट, मग ग्रीन, मग मास्टर ग्रीन.

एक फरक आत्ताच सांगतो. फायटरवाला बहुतेक वेळा विमानात एकटा असतो. तुझ्यामागे लोडमास्टर (विमानात माल भरून घेणारा), इंजिनियर, नॅव्हिगेटर आणि चाळीस जवान असतात. कॉकपिटचं दार उघडलं की ते दिसतात, कोणी झोपलेला, कोणी जप करतोय, कोणी उलटीची पिशवी धरून बसलाय. भूगोल आणि गणित पक्कं कर. वजनाचा हिशोब बोटांवर यायला हवा.

---

प्रश्नचिन्ह

वजनावरून आठवलं. नानांच्या त्या शेळ्यांचं वजन करतात का हो विमानात घालण्यापूर्वी?

---

टेलविंड

करतात. जवानांचंही सामानासकट धरतात. सुट्टीवरून येणारा जवान जाताना होता त्यापेक्षा जड असतो हे प्रत्येक लोडमास्टरला माहीत असतं.

---

फौजी_नाना

आईने दिलेला बेसनलाडवांचा डबा एका लोडमास्टरने काट्यावर ठेवायला लावला होता मला. ठेवला. मग त्याला त्यातले दोन दिले आणि डबा हलका केला.